आपल्याच उत्तरपत्रिकेचे मास्तर

‘मास्तर’ हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला. शाळेतला मास्तर, पोस्टातला मास्तर, स्टेशनातला मास्तर आणि कापड बेतणारा मास्तर असा त्याचा गोतावळा वाढला. नाटकमंडळ्यांनी त्याला जरा भरजरी शालू नेसवला आणि मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव अशी नावे महाराष्ट्राच्या कानांत घुमू लागली. आता या कुळात एका नव्या क्रियेची भर पडली आहे. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, “सर, गाणं रेकॉर्ड झालं, मिक्सही झालं, आता फक्त मास्टरिंग राहिलंय. ते आपण घरीच करू.” मी वीसेक वर्षे मास्तरकी करतो आहे, परंतु हे काम ‘फक्त’ आणि ‘घरीच’ अशा दोन शब्दांत उरकता येते, हे मला ठाऊक नव्हते.

ज्या वाचकांना हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. गाणे मुद्रित करताना हल्ली प्रत्येक गळ्याचा आणि प्रत्येक वाद्याचा ठसा वेगवेगळा घेतात. हे सारे ठसे योग्य त्या प्रमाणात एकत्र करणे म्हणजे मिश्रण. मिश्रण झाल्यावर जे एकजीव गाणे हाती येते, त्याच्या खर्जाचा आणि तार सुरांचा एकंदर तोल पाहायचा, आवाजाची पातळी ठरवायची, पुढच्या-मागच्या गाण्यांशी त्याचा मेळ घालायचा, दोन गाण्यांत किती स्तब्धता ठेवायची ते ठरवायचे आणि मग ‘आता यापुढे हात लावायचा नाही’ असे म्हणून त्यावर शिक्का मारायचा. हा जो शेवटचा हात, तेच मास्टरिंग.

दिवाळीच्या दिवसांत याला एक घरगुती उपमा देता येईल. सकाळपासून कढईशी उभी असलेली गृहिणी चिवड्याला फोडणी देते, मीठ-साखर घालते आणि शेवटी चव पाहायला स्वतः घास घेत नाही. ओसरीवरच्या कोणाला तरी हाक मारते. तिला चव कळत नाही असे नव्हे. घरातल्या साऱ्यांपेक्षा तिला ती अधिक कळते. परंतु तळणीच्या वासाने आपली जीभ मेली आहे, हेही तिलाच कळते. हे शहाणपण आमच्या घरोघरच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे; ते आमच्या घरोघरच्या नव्या स्टुडिओंत मात्र अजून शिरलेले नाही. माझी तक्रार एवढीच आहे. घरी करण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. आपल्याच गाण्याचा निकाल आपणच लावण्याबद्दल आहे.

या ‘मास्टर’ शब्दाचे मूळ पाहिले तर गंमत वाटेल. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग नावाचा गृहस्थ कलकत्त्यात यंत्र घेऊन उतरला आणि गौहर जानने त्याच्या कर्ण्यात गाणे ओतले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात शिरलेला आवाज एका सुईला हलवी आणि ती सुई मेणाच्या जाड चकतीवर रेघ कोरी. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवीत आणि तो सोलून काढला की जो उलटा ठसा मिळे, तो मास्टर. त्याच्यावरून पुन्हा सुलटा ठसा घेत, त्याचे नाव ‘मदर’. आणि त्या मातेपासून जे छाप तयार होत त्यांनी तबकड्या दाबल्या जात. म्हणजे मास्टर ही कोणाची पदवी नव्हती, तो एक पत्रा होता. सुरुवातीची ही मेणे सातासमुद्रापलीकडे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर ही यातायात थांबली. गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीतून पुकारी, ते परदेशातल्या कारागिराला ही तबकडी कोणाची हे कळावे म्हणून, असे सांगतात. आपल्या गाण्यावर शेवटचा हात कोणाचा फिरणार आहे हे त्या बाईला माहीत नव्हते. तिच्या हाती होते ते एवढेच, की नाव तरी चुकू नये.

या तबकडीशी आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाते अगदीच दूरचे नाही. फाल्गुनात आमच्याकडे रस्त्याच्या दुतर्फा जो पळस पेटतो, त्या पळसावर, तसेच बोरीवर आणि कुसुमावर लाखेचे किडे पोसले जातात. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती काळी तबकडी याच जातीच्या लाखेची, तीत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून बनवलेली असे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटे मावत. त्या तीन मिनिटांत नंतरची दुरुस्ती नव्हती. चुकले तर मेण टाकून द्यायचे आणि पुन्हा गायचे.

मग त्या काळी शेवटचा हात नव्हताच का? होता, परंतु तो गाण्याच्या आधीच फिरत असे. कोणी कर्ण्यापासून किती दूर बसायचे, सारंगी किती मागे सरायची, तबल्याने हात किती राखायचा, गवयाने तार षड्जाला मान किती मागे न्यायची, हे सारे मुद्रण करणारा ठरवी. तो परका असे. त्याला पुष्कळदा रागही कळत नसे आणि भाषाही कळत नसे. पण खोलीच्या पलीकडे यंत्राशी बसून ‘मला हे ऐकू येते, ते ऐकू येत नाही’ एवढे तो नि:संकोचपणे सांगू शकत असे. पुढे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या. तीन-साडेतीन मिनिटांचा तो ऐवज. मैफलीतल्या तासाभराच्या गायकाने स्वतःला एवढ्याशा जागेत बसवून घेतले. पण कोंबून घेतले असे कोठेही वाटत नाही. स्वरामागून स्वर येतो तो जागा करून घेत येतो. तबकडीची खरखर आहेच. पण ती अंगणात पडणाऱ्या पावसासारखी बाहेर राहते, गाणे घरात असते. ती तबकडी ऐकून भीमसेन जोशी नावाचा एक मुलगा वेडावला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरू शोधण्यासाठी घर सोडून निघाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तो मुलगा खरखरीमुळे निघाला नाही आणि खरखरीमुळे थांबलाही नाही. ध्वनिमुद्रणाची कसोटी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी हीच सांगेन: ऐकणाऱ्याला उठून गाणाऱ्याकडे जावेसे वाटले पाहिजे.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला, दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि १९४८ साली दीर्घकाळ चालणारी तबकडी आली. तेव्हा फितीवरचे गाणे तबकडीवर उतरवणारा एक स्वतंत्र कारागीर निर्माण झाला. खर्ज फार झाला तर शेजारच्या दोन रेघा एकमेकींत घुसत किंवा सुई उडी मारी. म्हणून कोठे किती आवरायचे ते त्याला ठरवावे लागे. मास्टरिंगचा धंदा असा गरजेतून जन्मला. आणि त्या गरजेने, कोणी न ठरवता, एक मोठी सोय करून ठेवली. गाणे रसिकांच्या हाती जाण्यापूर्वी ते अशा एका माणसाच्या कानांखालून जाऊ लागले, ज्याने ते रचले नव्हते, गायले नव्हते आणि आठवडाभर घोटलेही नव्हते. तो पहिला श्रोता. वाङ्मयात ज्याला आपण चांगला संपादक म्हणतो, तोच हा. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी मराठी लेखकांच्या हस्तलिखितांवर जे कष्ट घेतले, त्यांची आठवण अजून निघते. त्यांनी लेखकांच्या कादंबऱ्या लिहून दिल्या नाहीत. ‘येथे तुम्ही स्वतःच्या प्रेमात पडला आहात’ असे सांगितले. मी चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत, म्हणून हे वाक्य किती बोचते आणि किती उपयोगी पडते ते मला माहीत आहे.

आता ही सारी यंत्रसामग्री एका लॅपटॉपात मावते. तबकडीची रेघ गेली, सुई गेली, परदेशचा कारागीर गेला. आणि त्यांच्याबरोबर तो पहिला श्रोताही गेला. हे कसे घडते, ते आमच्याच उदाहरणावरून सांगतो. हसे होईल, पण त्याला इलाज नाही.

पांढरकवड्याच्या बाजूला आमचे एक खंजिरी भजनाचे मंडळ आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेऊन विदर्भाची खेडी जागी केली. ते १९६८ साली गेले, पण खंजिरी गेली नाही. आमच्या मंडळाचे बुवा सत्तरी ओलांडलेले. खंजिरी तेच वाजवतात आणि गातातही तेच. मी पेटी धरतो. गेल्या दिवाळीनंतर माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी, मागच्या खोलीत, आम्ही सात भजने मुद्रित केली. खोली निवडण्याचे कारण असे की तीत कापूस भरलेला होता. आमच्याकडे वेचणी झाली की भावाची वाट पाहत कापूस घरातच रचून ठेवण्याची रीत आहे. तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस, खाली सतरंजी, दाराला गोधडी. टाळी वाजवली तर ती हातातच विरून जाई. शहरात आवाज शोषून घेण्यासाठी भिंतींना जे जे चिकटवतात, ते आमच्या घरात शेतातून आपोआप आले होते, याचा आम्हांला केवढा अभिमान वाटला!

मुद्रण छान झाले. मग त्याच खोलीत, त्याच कापसाच्या कुशीत बसून आम्ही शेवटचा हात फिरवू लागलो. मला गाण्यातले थोडे कळते आणि त्याला यंत्रातले थोडे कळते. दोन थोड्यांची बेरीज पुष्कळ होते, असा आमचा समज होता. आवाज जरा मंद वाटतो, म्हणून आम्ही तार भाग उचलला. तरीही मंदच वाटे, म्हणून पुन्हा उचलला. माघात भाव बरा आला, कापूस बाजारात गेला आणि खोली रिकामी झाली. तेव्हा तीच भजने आम्ही त्याच ठिकाणी पुन्हा लावली, तर बुवांचा ‘स’ विळ्यासारखा कापीत सुटला. मंद होती ती खोली, गाणे नव्हे. कापूस तार स्वर गिळत होता आणि आम्ही तो दोष गाण्याच्या माथी मारून त्याची भरपाई करीत होतो. घरातल्या स्टुडिओची पहिली फसगत ही. प्रत्येक खोलीला तिचे स्वतःचे मत असते. लहान खोलीत खर्ज कोपऱ्यांत साचतो. एका जागी बसले तर ढोलकी घुमते, हातभर सरकले तर ती नाहीशी होते. जेथे गाणे मुद्रित केले, तेथेच बसून ते तपासणे म्हणजे आरोपीच्या घरी कोर्ट भरवण्यासारखे आहे.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा लहान ऐकू येऊ नये असे प्रत्येकाला वाटते. याला शरीरधर्माचेही कारण आहे. मोठ्या आवाजात खर्ज आणि तार हे दोन्ही काठ कानाला अधिक भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले. म्हणून एकच गाणे थोडे मोठे करून ऐकवले की ते अधिक चांगले वाटते. पण संगणकातील ध्वनीला वर एक आढे असते, त्याच्या पलीकडे जाता येत नाही. मग करायचे काय? तर जे स्वर आधीच उंच आहेत त्यांना दाबायचे आणि सगळेच वर उचलायचे. सऱ्या-वरंबे असलेल्या शेतात वखर फिरवून ते सपाट करावे, तसे. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संच आला, तेव्हा तो फार दाबला आहे म्हणून त्याच्या चाहत्यांनीच ओरड केली. कारण एका खेळासाठी काढलेली त्याच गाण्यांची कमी दाबलेली प्रत त्यांना ऐकायला मिळाली होती. दोन प्रती शेजारी ठेवल्यावर सामान्य माणसालाही फरक कळला.

आमच्या भजनात तर हा वखर फारच घातक ठरला. खंजिरी भजनाची सारी गंमत चढणीत आहे. बुवा पहिले कडवे जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतात. खंजिरी नुसती कुजबुजते. मग लय वाढते, मागचे साथीदार उचलतात आणि शेवटी सगळे मंडळ एकदम तुटून पडते. हा शेवट अंगावर येतो तो आधीच्या हळू बोलण्यामुळे. आम्ही पहिले कडवे उचलून शेवटाच्या शेजारी बसवले. शेवट जेथल्या तेथे राहिला, पण तो आता कोणाच्या अंगावर येईना. कारण त्याला यायला वाटच उरली नव्हती. वर्गात जी मुले हळू बोलतात त्यांना ओरडायला लावले म्हणून वर्ग हुशार होत नाही, हे मला मास्तर म्हणून तरी कळायला हवे होते.

आणि यातली विनोदाची गोष्ट अशी की ही सारी धडपड व्यर्थ असते. आवाजाची पातळी कानाला जशी भासते तशी मोजण्याची रीत २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने घालून दिली. तिच्या एककाला एलयूएफएस म्हणतात. आज लोक ज्या मोठ्या मंचांवर गाणी ऐकतात, त्यांपैकी स्पॉटिफाय आणि यूट्यूब ढोबळमानाने उणे १४ ही पातळी धरतात; त्याहून मोठे गाणे आले तर ते खाली आणतात. म्हणजे आम्ही घरी बसून गाण्याचा जीव काढून ते जे मोठे केले, ते पलीकडे पोचताच पुन्हा लहान होणार. जीव मात्र परत येणार नाही. नव्या मुलांना माझे सांगणे आहे की पातळी गाण्याला शोभेल तेवढीच ठेवा, वरच्या आढ्यापासून एक डेसिबल तरी अंतर राखा आणि उरलेले काम ऐकणाऱ्याच्या बोटावर सोडा. त्याच्या यंत्राला आवाज वाढवण्याचे बटण असते.

तिसरी फसगत स्वच्छतेची. हल्लीच्या साधनांत गाण्यामागची खरखर पुसण्याची सोय असते. सुरुवातीची चार क्षणांची शांतता यंत्राला दाखवायची आणि सांगायचे की यासारखे जे जे असेल ते पूस. आमच्या त्या शांततेत बुवांनी खंजिरी मांडीवर ठेवताना तिच्या चकत्यांची बारीक सळसळ झाली होती. यंत्राने आज्ञा अक्षरशः पाळली. भजनभर त्या चकत्यांची शेपटे कापली गेली, दोन ओळींमधला बुवांचा श्वास गेला आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. आम्हांला मात्र ते कळले नाही. आम्ही शंभर वेळा ऐकले होते, तेव्हा खंजिरी कोठे वाजते हे आम्हांला पाठ होते. जे पाठ असते ते नसले तरी ऐकू येते. परीक्षेत मुले स्वतःचा पेपर तपासून पाहतात आणि गाळलेला शब्द त्यांना दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार.

चौथी फसगत सांगताना मला थोडी लाज वाटते. ‘गाण्यात ऊब हवी’ असे म्हणून मी मुलाला मधला एक पट्टा पुन्हा पुन्हा उचलायला लावत होतो. ऊब येते आहे असे मला मनापासून वाटत होते. ती ऊब म्हणजे माझी पेटी होती.

होळीच्या आधी आम्ही ती भजने बुवांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून सगळे ऐकले, आणि मग फार हळू विचारले, “मास्तर, मायी खंजिरी कोठी गेली?”

यावर मला उत्तर सुचले नाही. पन्नास वर्षे ज्या हाताने ती खंजिरी वाजली, त्या हाताला ती आपल्याच गाण्यात सापडत नव्हती. पावसाळ्यात बुवांना दम्याने गाठले आणि डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. तेव्हा त्या प्रश्नाचे वजन आणखी वाढले. कारण ती सात भजने पुन्हा गाऊन घेण्याची सोय आता उरली नव्हती.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की मग हे घरचे स्टुडिओ बंदच करावेत. असे म्हणणाऱ्याच्या विरुद्ध मी सर्वांत आधी उभा राहीन. तबकडीच्या काळात कोणाचे गाणे लाखेवर उतरायचे हे कंपनी ठरवी. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र आले आणि विदर्भातल्या कलावंतांना एक दार उघडले. तरी त्या दाराला स्वरचाचणीचा उंबरा होताच. १९८० नंतर कॅसेटने हा उंबरा पुष्कळ झिजवला. आणि २००३ साली शुभा मुद्गल व अनीश प्रधान यांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू करून, कलावंताने आपले मुद्रण आपल्या मालकीचे ठेवून रसिकांपर्यंत न्यावे, असा स्वाभिमानी पायंडा घातला. आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कोलामांची दंडार रंगते, होळीला बंजारा तांड्यांवर लेंगी घुमते, गोंडी गाणी लग्नामांडवात ऐकू येतात. यांच्यासाठी मुंबईहून कोणी यंत्र घेऊन येईल म्हणून थांबायचे, तर गाणाऱ्यांच्या दोन पिढ्या निघून जातील. ज्या भाषेला कंपन्यांच्या यादीत ओळ मिळाली नाही, तिला तांड्यावरच्या एखाद्या खोलीत लॅपटॉप मिळाला, ही फार मोठी घटना आहे. त्या खोलीत मुद्रण जरूर करावे, मिश्रणही करावे.

शिवाय परका कान म्हणजे शहाणाच कान, असेही नाही. खंजिरी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो तिच्या सळसळीला यंत्राइतक्याच निर्दयपणे पुसून टाकील. २०१४ पासून तर माणसावाचून मास्टरिंग करून देणाऱ्या सेवाही निघाल्या आहेत. गाणे टाकावे आणि घटकेत तयार घ्यावे. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. खर्ज फार साचला असेल तर ते यंत्रही दाखवून देते. पण त्याला ऐकायचे कारण नसते. बुवांसारखा प्रश्न त्याला कधी पडायचा नाही. म्हणून मला हवा आहे तो कान दूरचाही नको आणि फार जवळचाही नको. गाणे ज्याला समजते, पण या गाण्यात ज्याची पेटी नाही, असा.

असा कान शोधणे वाटते तितके कठीण नाही. शाळेत आम्ही एक साधा उपाय करतो: दोन वर्गांच्या उत्तरपत्रिका आपसात बदलतो. पुसदच्या मुलाने वणीच्या मुलाचे गाणे तपासावे, वणीच्याने पुसदच्याचे. यात पैसा लागत नाही. थोडा अहंकार खर्च होतो. आणि जेथे दुसरा कोणीच नाही, तेथे आपणच थोडे परके व्हावे. मिश्रण झाल्यावर दोन-तीन आठवडे गाणे ऐकू नये. मग ते दुसऱ्या खोलीत, मोटारीत, आईच्या साध्या फोनवर, शेजारच्या ओसरीवर ऐकावे. आपल्याला आवडलेले दुसऱ्या कोणाचे मुद्रण शेजारी ठेवून, दोन्हींचा आवाज सारखा करून, मग तुलना करावी. काय बदलले ते कागदावर लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ मिश्रण हात न लावता वेगळे जपून ठेवावे. कारण आज जो गुण वाटतो तो उद्या दोष ठरू शकतो, आणि मूळ उरले असेल तरच पश्चात्तापाचा काही उपयोग होतो.

आमचे नशीब असे की माझ्या विद्यार्थ्याने मूळ मिश्रण एका पेनड्राइव्हवर ठेवले होते. ही सवय त्याला मी लावलेली नाही, हे मुद्दाम नमूद करतो. ते आम्ही नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांकडे पाठवले. आयुष्यभर त्यांनी ध्वनिमुद्रणाचेच काम केले. सोबत काहीही लिहिले नव्हते. आठ दिवसांनी सात भजने परत आली आणि फोनवर त्यांचे दोन वाक्यांचे उत्तर आले: “मध्ये कोणाची तरी पेटी फार बोलत होती, तिला थोडे खाली बसवले. बाकी फारसे हात लावण्यासारखे नव्हते.” त्यांनी खरखर ठेवली होती. श्वास ठेवला होता. पहिले कडवे हळूच ठेवले होते. आणि दोन भजनांच्या मध्ये, मंडळ खरोखर जेवढे थांबते तेवढेच, थांबवले होते.

ती भजने आम्ही बुवांना नेऊन ऐकवली. त्यांनी या वेळी काही विचारले नाही. पण दुसऱ्या भजनाच्या मध्यावर त्यांची बोटे खाटेच्या माचव्यावर चालू लागली, आणि तिसऱ्याला त्यांनी, डॉक्टरांचे न ऐकता, शेवटची ओळ सर्वांबरोबर धरली.

ही दिवाळी पुष्कळ घरांत अशी गाणी घेऊन येईल. कोणाचा पुतण्या, कोणाची सून, कोणाचा शेजारी आपल्या खोलीत मुद्रित केलेले एखादे भक्तिगीत वा भावगीत फोनवर पाठवील आणि ‘कसे वाटले?’ असे विचारील. आपण ते फराळाच्या गडबडीत अर्धे ऐकतो आणि हात जोडल्याचे एक चित्र पाठवून मोकळे होतो. या वर्षी वाचकांनी एवढे करावे: रांगोळी झाल्यावर, फटाके सुरू होण्यापूर्वी, जरा शांत बसून ते एकदा पूर्ण ऐकावे, शब्द कळले का, कोठे कानाला टोचले, काय ऐकू आले नाही, ते जसेच्या तसे सांगावे. त्यासाठी गाणे यायला लागत नाही. आमच्या साऱ्या खटाटोपात खरे समीक्षण बुवांनीच केले, आणि त्यांच्या फोनवर आवाजाचे बटण कोठे आहे हे त्यांना अजूनही ठाऊक नाही.